काढलेले पित्ताशय आणि त्याचा अहवाल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शल्यचिकित्सा व विकृतिशास्त्र या दोन विभागांतर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 हे दोन विभाग एका व्यासपीठावर क्वचितच दिसतात. शल्यचिकित्सक रुग्णाच्या ओळखीचा असतो. त्याचे नाव घरात वर्षानुवर्षे निघते. विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यांना आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो ते, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसलेले असतात, आणि त्यांच्या सहीचा कागद पुष्कळदा पाकिटातून बाहेरही काढला जात नाही. आजचा विषय त्या कागदाचा आहे. पित्तखड्यांसाठी नेहमीची शस्त्रक्रिया होते, रुग्ण हसतमुखाने घरी जातो, आणि काढलेले पित्ताशय तपासताना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यात कर्करोग आढळतो. असे रुग्ण संख्येने थोडे असतात. परंतु त्यांच्या बाबतीत पुढील काही आठवड्यांत काय घडते किंवा घडत नाही, यावर फार मोठी गोष्ट अवलंबून असते.

ज्यांना शरीररचनेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, नासपतीच्या आकाराची लहानशी पिशवी. तिची लांबी सात ते दहा सेंटिमीटर. यकृतात दिवसभर पित्त तयार होत असते. ही पिशवी त्यातील काही भाग साठवते, त्यातले पाणी शोषून ते दाट करते आणि आपण तेल-तुपाचे जेवण केले की आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. पिशवी काढली तरी पित्त तयार होणे थांबत नाही, ते थेट आतड्यात उतरते. त्यामुळे पित्ताशयाविना माणूस उत्तम जगतो. बऱ्याच नातेवाइकांची पहिली शंका हीच असते, म्हणून एवढे सांगितले.

या शस्त्रक्रियेला मोठा इतिहास आहे. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी प्रथमच संपूर्ण पित्ताशय काढले. तोवर पिशवी उघडून खडे काढण्यापर्यंतच शल्यशास्त्राची मजल गेली होती. खडे ज्या पिशवीत घडतात ती पिशवीच राहू देऊ नये, हा लांगेनबुख यांचा विचार आज इतक्या वर्षांनंतरही टिकून आहे. दुर्बिणीतून हीच शस्त्रक्रिया १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी केली, १९८७ साली फ्रान्समध्ये फिलीप मूरे यांनी केली, आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी ती भारतात आणली. पोटावर वीतभर छेद घेऊन आठ-दहा दिवस खाटेवर पडून राहण्याचे दिवस तेव्हापासून मागे पडत गेले. आता चार लहान छिद्रे, एक-दोन दिवसांचा मुक्काम आणि आठवड्याभरात कामावर हजर. लोक या शस्त्रक्रियेला आता घाबरत नाहीत. हे चांगलेच झाले. मात्र भीती गेली तसे तिचे शेवटचे पाऊलही विस्मरणात गेले. टाके काढले की काम संपले, अशी सार्वत्रिक समजूत झाली आहे.

काढलेली पिशवी शस्त्रक्रियागृहातून बाहेर आल्यावर तिचे काय होते, हे थोडे सविस्तर सांगतो. ती फॉर्मॅलिन या द्रावणात ठेवली जाते. द्रावण पिशवी बुडेल इतकेच असून भागत नाही. ते अवयवाच्या आकारमानाच्या निदान दहा पट असावे लागते, नाहीतर आतला थर कुजू लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच धड दिसत नाही. प्रयोगशाळेत पिशवी उभी चिरून आतील अस्तर डोळ्यांनी व बोटांनी तपासतात. कुठे जाड झाले आहे का, कुठे उंचवटा, खरखरीत भाग वा जखम आहे का, हे पाहतात. मग तिचा तळ, मधला भाग, मान आणि जिथे नळी कापली ती कड, असे तुकडे घेऊन ते मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्यांतून केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून रंगवतात आणि काचपट्टीवर वाचतात. संशयास्पद पेशी दिसल्या तर उरलेल्या पिशवीचे आणखी तुकडे घ्यावे लागतात, प्रसंगी सगळी पिशवी तपासावी लागते. या सर्वाला काही दिवस जातात. तोपर्यंत रुग्ण घरी पोचून वरणभात खाऊ लागलेला असतो.

येथे एक गमतीची गोष्ट सांगायला हरकत नाही. नातेवाईक आमच्याकडे आग्रहाने खडे मागतात. लहान बाटलीत घालून आम्ही ते देतोही. ती बाटली गावात घरोघर फिरते, खडे मोजले जातात, कोणाचे किती निघाले याची तुलना होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या पिशवीतून ते निघाले तिचा अहवाल मागायला मात्र त्यातला क्वचितच कोणी परत येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पित्तखड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी बहुतेक सर्वांत जुनाट दाह आणि खडे यांपलीकडे काही सापडत नाही. प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासांनुसार अनपेक्षित कर्करोग आढळण्याचे प्रमाण हजारात दोन-तीनपासून शंभरात एक-दोनपर्यंत आहे, आणि ते प्रदेशाप्रमाणे बदलते. दक्षिण अमेरिकेतील चिली हा देश आणि आपल्याकडील गंगेचे खोरे, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तसेच आसाम, हे या रोगाचे जगातील ठळक प्रदेश मानले जातात. महाराष्ट्र आणि दक्षिण भारतात तो तुलनेने कमी. पण रुग्णालयाच्या दारात येणारा माणूस कुठे जन्मला आणि कुठे वाढला, हे नकाशावरच्या सीमा पाहून ठरत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथे उत्तरेतून येऊन स्थायिक झालेली लक्षावधी कुटुंबे आहेत. शिवाय प्रमाण कमी म्हणजे शून्य नव्हे. अस्सल मराठी मुलखातील रुग्णांतही हा रोग आढळतो. स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आणि वय वाढेल तसा अधिक.

साहजिकच कोणी विचारील की शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी केली होती, मग तेव्हाच का कळले नाही? हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग आम्हाला समजतो. सोनोग्राफी खडे दाखवण्यात अत्यंत तरबेज आहे. परंतु कर्करोगाचा आरंभ पिशवीच्या आतील अस्तरात होतो. तेथे तो एखाद्या मिलिमीटरचा असतो आणि खड्यांच्या सावलीत सहज लपतो. जुनाट दाहानेही भिंत जाड होते, कर्करोगानेही होते. दोन्हींची लक्षणे तीच असतात: उजव्या बरगडीखाली दुखणे, जेवणानंतर जडपणा, मळमळ. कधी कधी उलटही घडते. दाहाचा एक विशिष्ट प्रकार इतका आक्राळविक्राळ दिसतो की अनुभवी शल्यचिकित्सकालाही तो कर्करोग वाटावा, आणि अहवाल मात्र निर्दोष येतो. म्हणून अंतिम शब्द सूक्ष्मदर्शकाचाच असतो.

रोग किती पसरला आहे हे पित्ताशयाच्या बाबतीत मिलिमीटरच्या हिशेबाने ठरते. निरोगी पिशवीची भिंत तीन मिलिमीटरहून जाड नसते. त्या एवढ्याशा जाडीत अगदी आत अस्तर आणि त्याखालचा पातळ थर, त्यावर स्नायूंचा थर, त्याबाहेर सैल संयोजक ऊती आणि सर्वांत बाहेर चकचकीत आवरण. अन्ननलिका-आतड्यांत अस्तर व स्नायू यांच्यामध्ये आणखी एक भक्कम थर असतो. पित्ताशयाला तो निसर्गाने दिलेलाच नाही. आणि ज्या बाजूने पिशवी यकृताला चिकटलेली असते, त्या बाजूला बाहेरचे आवरणही नसते. त्यामुळे या पिशवीत सुरू झालेल्या रोगाला बाहेर पडायला फार अंतर कापावे लागत नाही.

अहवालात 'टी' या अक्षरापुढे जो आकडा लिहिलेला असतो, तो याच थरांचा आहे. टी-१-ए म्हणजे रोग अस्तराखालच्या पातळ थरापर्यंतच आहे. अशा रुग्णाची नळीची कड स्वच्छ असेल आणि पिशवी न फुटता निघाली असेल, तर झालेली शस्त्रक्रिया तेवढीच पुरेशी ठरते. पुढे नियमित तपासण्या करायच्या, बाकी काही नाही. यांपैकी बहुतेक सर्व रुग्ण रोगमुक्त राहतात. ही बातमी सांगताना आम्ही नातेवाइकांना आवर्जून खुर्चीवर बसवतो, कारण 'कर्करोग' हा शब्द ऐकल्यावर त्यापुढची 'पूर्ण बरा' ही दोन अक्षरे कानांवर पडेनाशी होतात.

टी-१-बी म्हणजे रोग स्नायूंच्या थरात शिरला आहे. टी-२ म्हणजे स्नायूंपलीकडच्या सैल ऊतींत गेला आहे. टी-३ म्हणजे बाहेरचे आवरण भेदून गेला आहे अथवा यकृतात किंवा शेजारच्या एखाद्या अवयवात उतरला आहे. या अवस्थांत पहिली शस्त्रक्रिया अपुरी पडते, आणि ती का पडते हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. साध्या शस्त्रक्रियेत पित्ताशय यकृतापासून वेगळे करताना शल्यचिकित्सक स्नायू आणि यकृत यांमधल्या त्या सैल ऊतींतूनच वाट काढतो. खड्यांसाठी तीच योग्य आणि सुरक्षित वाट आहे. जगभर तीच शिकवली जाते. पण टी-२ अवस्थेतील रोग नेमका त्याच थरात बसलेला असतो. म्हणजे शस्त्रक्रिया निर्दोष झाली असतानाही त्या थराचा काही अंश यकृताच्या बाजूला राहतो. २०१८ सालापासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टी-२ चे दोन पोटभाग केले गेले आहेत, यकृताकडील बाजू आणि पोटाकडील बाजू, त्याचे कारणही हेच; यकृताच्या बाजूचा रोग अधिक धोक्याचा ठरतो.

म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तीत पित्ताशय जिथे टेकलेले होते तेथील यकृताचा भाग काढतात आणि पित्तनलिका व यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसिकाग्रंथी काढतात. निदान सहा ग्रंथी तपासल्या गेल्या तर रोगाची अवस्था भरवशाने सांगता येते, असा संकेत आहे. नळीच्या कडेला रोग असेल तर मुख्य पित्तनलिकेचाही भाग काढावा लागतो. पूर्वी दुर्बिणीची छिद्रे ज्या ठिकाणी होती ती त्वचाही कापून काढत असत. त्याने आयुष्य वाढत नाही असे पुढे दिसून आल्याने ती प्रथा आता बहुतेक मागे पडली आहे. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांचा नित्य सराव असलेल्या चमूनेच करावी, हे आम्ही स्वतःसाठीही बंधन मानतो. जेथे आमच्या क्षमतेपलीकडचे असेल तेथे रुग्णाला टाटा मेमोरियलसारख्या संस्थेकडे पाठवण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. तत्पूर्वी छाती व पोटाचा सी.टी. स्कॅन, काचपट्ट्यांचे दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुनर्वाचन आणि अनेकदा प्रथम दुर्बिणीतून पोटाची पाहणी, एवढे करावे लागते. रोग दूरवर पोचला असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेने रुग्णाला केवळ त्रास होतो. तो टाळण्यासाठी हा खटाटोप.

आणि ही शस्त्रक्रिया कधी करावी? अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्रितपणे केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चार ते आठ आठवड्यांत ज्यांची दुसरी शस्त्रक्रिया झाली, ते रुग्ण अधिक काळ जगले, असे त्यात आढळले. त्याआधी पोटातील सूज उतरलेली नसते आणि तपासण्याही पुऱ्या झालेल्या नसतात. त्यानंतर रोगाला पसरायला अवधी मिळतो. आता आपण सर्वांनी मिळून हिशेब करू. अहवाल तयार व्हायला आठवडा. काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन येण्यास आठवडा. स्कॅन, रक्ततपासण्या, मधुमेह व रक्तदाब ताब्यात आणणे, पैशांची जुळवाजुळव यांना दोन आठवडे. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरच आपण त्या मुदतीत बसतो. अहवालाचे पाकीट खिडकीवर तीन आठवडे पडून राहिले, तर या हिशेबातला एकही आकडा जुळत नाही.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एक साठीच्या बाई आमच्याकडे आल्या. त्यांना कावीळ झाली होती. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांचे पित्ताशय काढले होते. मुलाने सारे कागद नीट फाईलला लावून आणले होते: सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, औषधांची बिले, खड्यांची बाटलीसुद्धा. पित्ताशयाचा अहवाल नव्हता, कारण ते तपासणीला पाठवलेच गेले नव्हते. तेथील मंडळींनी "खडे तर दिसतच होते, मग उगाच खर्च कशाला?" असे सांगितले होते आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. सी.टी. स्कॅनमध्ये यकृताच्या मुखाशी गाठ दिसली. काविळीसाठी नळी बसवून बाईंची खाज थांबवता आली, केमोथेरपीने काही महिने बरे गेले. त्यापलीकडे आम्ही काही करू शकलो नाही. तपासणी झाली असती तर त्या वाचल्याच असत्या, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. ते सांगू शकणारी एकच वस्तू होती आणि ती केव्हाच कचऱ्यात गेली होती. मुलगा पुन्हा पुन्हा एवढेच विचारत राहिला, की ती पिशवी आता कुठे मिळेल का.

सरसकट प्रत्येक पित्ताशय तपासावे की केवळ संशयास्पद दिसेल तेच, यावर जगात मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नेदरलँड्ससारख्या देशात, जेथे हा रोग विरळा आहे, निवडक तपासणीची पद्धत बरीच रूढ झाली आहे. तेथील युक्तिवाद असा की शल्यचिकित्सकाने पिशवी टेबलावरच चिरून बारकाईने पाहिली आणि बोटांनी चाचपली, तर महत्त्वाचा रोग सहसा निसटत नाही. आम्ही तो युक्तिवाद वाचला आहे, आणि टेबलावर पिशवी चिरून पाहण्याची शिस्त आम्ही पाळतोही. तिला एक मिनिट लागते. परंतु भारतासारख्या देशात, जेथे या रोगाचे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्याला बदलते आणि जुनाट दाहाने सुजलेल्या, जाड झालेल्या पिशव्या हे नित्याचेच दृश्य आहे, तेथे केवळ डोळ्यांवर विसंबणे आम्हाला मान्य नाही. आमच्याकडे निघालेले प्रत्येक पित्ताशय प्रयोगशाळेत जाते. त्याला अपवाद नाही.

याच शिस्तीचा दुसरा भाग शस्त्रक्रियागृहातला आहे. पिशवी बाहेर काढताना ती प्लास्टिकच्या निर्जंतुक थैलीत घालूनच काढायची, म्हणजे फाटली तरी आतील पित्त पोटात वा छिद्राच्या जखमेत सांडत नाही. सांडलेल्या पित्ताबरोबर कर्करोगाच्या पेशी पसरू शकतात आणि मग रोग बरा होण्याची शक्यता घटते. शस्त्रक्रियेत पिशवी फाटली, तर ते नोंदीत स्पष्ट लिहायचे. पिशवी फाटणे हा गुन्हा नव्हे, सुजलेल्या पिशवीत ते कोणाच्याही हातून घडते. पण पुढचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असलेच पाहिजे.

अहवाल तयार झाला की खरा कठीण भाग सुरू होतो. आमच्या विभागात एक जाड वही आहे. तीत प्रत्येक पित्ताशयाची नोंद होते, अहवालाची तारीख लिहिली जाते आणि तो कोणाच्या हाती दिला त्याची सही घेतली जाते. संशयास्पद अहवाल खिडकीवर ठेवला जात नाही. विकृतिशास्त्रज्ञ स्वतः शल्यचिकित्सकाला फोन करतात आणि त्याच दिवशी रुग्णाच्या घरी निरोप जातो. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दिलेला मोबाइल क्रमांक जावयाचा निघतो आणि जावई परगावी असतो. पत्ता 'मुक्काम पोस्ट' एवढाच असतो. ऊसतोडणीच्या हंगामात सगळे घरच गाव सोडून गेलेले असते. अशा वेळी गावातील आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र, कधी किराणा दुकानदार यांच्यामार्फत माणूस शोधावा लागतो. हे काम डॉक्टरांचे नाही, परिचारिकांचे नाही, कारकुनाचेही नाही. आणि जे कोणाचेच नसते ते राहून जाण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळाकडे या कामासाठी पूर्ण वेळ एक समन्वयक नेमण्याची मागणी केली आहे.

निरोप पोचल्यावर समोर बसलेल्या कुटुंबाच्या मनात काय चालते, तेही सांगितले पाहिजे. पहिला विचार असा की, "सगळे व्यवस्थित झाले म्हणाला होता, आता पुन्हा पोट उघडायचे म्हणता?" दुसरा विचार बोलला जात नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतो: यात रुग्णालयाचा काही स्वार्थ तर नाही? सध्याच्या काळात ही शंका यावी, याचे आम्हाला वाईट वाटते, आश्चर्य वाटत नाही. अशा वेळी आम्ही नातेवाइकांना प्रयोगशाळेत नेतो आणि सूक्ष्मदर्शकातून काचपट्टी दाखवतो. त्यांना त्यातले शास्त्र कळत नाही, पण निरोगी भाग आणि रोगट भाग यांतला फरक सामान्य डोळ्यालाही जाणवतो. शिवाय काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे त्यांच्या हाती देऊन हव्या त्या तज्ज्ञाकडे मत घेण्यास सांगतो. दुसरे मत घेतल्याने आमचा अपमान होत नाही. घ्यायचे ते लवकर घ्यावे, एवढीच विनंती असते.

तिसरी अडचण आपल्या घरांतली आहे. "आईला सांगू नका," असे मुले हात जोडून सांगतात. त्यामागची माया आम्ही जाणतो. पण जिच्या यकृताचा भाग काढायचा, तिची संमती कशाच्या आधारावर घ्यायची? आमचा अनुभव असा की आईला बहुधा अंदाज आलेलाच असतो. दोघेही एकमेकांपासून लपवत बसतात आणि त्यात दिवस जातात. आम्ही कुटुंबाच्या उपस्थितीत, रुग्णाला पेलेल तेवढे आणि तशा शब्दांत सांगतो. मात्र खोटे सांगत नाही.

गेल्या वर्षी निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत हे सगळे वेळेत जमले. अहवाल टी-२ चा होता. निरोप गेला तेव्हा ते कोकणात भाचीच्या लग्नात होते. अक्षता पडताच संध्याकाळच्या एस.टी.ने निघून आले. सहाव्या आठवड्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली, काढलेल्या यकृतात व ग्रंथींत रोग आढळला नाही. त्यानंतर त्यांना सहा महिने कॅपेसिटाबिन या औषधाच्या गोळ्या दिल्या. या औषधाचा आधार म्हणजे ब्रिटनमधील बिलकॅप ही चाचणी, जिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पित्तमार्ग व पित्ताशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे ५१ महिने, तर न घेणाऱ्यांचे सुमारे ३६ महिने आढळले. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर हा फरक अगदी निर्विवाद ठरला नाही, तरीही तेव्हापासून जगभर ही पद्धत स्वीकारली गेली आहे. हे गृहस्थ तपासणीला नियमित येतात. त्यांना पूर्ण बरे झाल्याचे प्रशस्तिपत्र आम्ही अद्याप दिलेले नाही. पहिली काही वर्षे सावधच राहावे लागते.

देणगीदारांपैकी काहींनी चहाच्या वेळी विचारले की, असे असेल तर पोटात निमूट बसलेले खडेसुद्धा काढून टाकावेत काय? आमचे उत्तर सर्वसाधारणपणे नाही, असे आहे. पित्ताशयाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत खडे असतात हे खरे, पण खडे असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा कर्करोग कधीच होत नाही. त्रास न देणाऱ्या खड्यांसाठी केवळ भीतीपोटी शस्त्रक्रिया करू नये. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पिशवीत एक सेंटिमीटरहून मोठा मांसल अंकुर असेल, किंवा भिंतीत चुना साठून ती चिनीमातीसारखी झाली असेल, तर मात्र शल्यचिकित्सकाचा सल्ला अवश्य घ्यावा.

खर्चाविषयी थोडे बोलून थांबतो. ही तपासणी शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प रकमेची आहे, परंतु वेगळे बिल लावले की तीच सर्वांत आधी वगळली जाते. काही ठिकाणी नातेवाइकांच्याच हातात बरणी देऊन खाजगी प्रयोगशाळेत पाठवतात. उन्हात दुचाकीवरून जाणारी ती बरणी कधी पोचते, कधी घरातच राहते. आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे की पित्ताशयाच्या तपासणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या रकमेतच धरावा आणि त्याची स्वतंत्र ओळ बिलात असूच नये. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी राखून ठेवावयाच्या खाटा व निधी आपल्याकडे आहेतच, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार अनेकांना मिळू शकतो. या दोन्हींचा लाभ ज्यांना मिळत नाही असे, हातावर पोट नसलेले पण शिल्लकही नसलेले रुग्ण उरतात. देणगीदारांनी उभारलेला निधी त्यांच्यासाठी वापरावा, अशी आमची सूचना आहे. गेल्या वर्षी मिळालेल्या देणगीतून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवण्यात आला, त्यामुळे शंकास्पद काचपट्टीची छायाचित्रे दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाला त्याच दिवशी पाठवता येतात. त्याबद्दल संबंधित कुटुंबाचे आम्ही येथे नाव न घेता आभार मानतो, कारण तशी त्यांची इच्छा आहे.

आपल्यापैकी किंवा आपल्या परिचितांपैकी ज्यांचे पित्ताशय अलीकडे काढले गेले आहे आणि अहवाल हाती नाही, त्यांनी जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे तो मागावा. मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात. अहवाल हरवला असला तरी ठोकळा सापडला तर पुन्हा वाचता येतो. आमच्या येथे शस्त्रक्रिया झालेल्यांनी केसपेपरवरील नोंदणी क्रमांक घेऊन विकृतिशास्त्र विभागाच्या खिडकीवर यावे. केसपेपर सापडत नसल्यास शस्त्रक्रियेचा महिना आणि रुग्णाचे नाव सांगितले तरी चालेल, वहीत शोधून देऊ.